तुमच्या रेषेवरून दुसऱ्याचा ब्रश जातो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "हालचाल आणि चित्र अशा दोन दिवसांच्या सहभागी कार्यशाळेत मी नाव नोंदवलं आहे. मला नाचता येत नाही, आणि शाळा सुटल्यापासून चित्रकलेच्या वहीला हात लावलेला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघायला येणाऱ्या लोकांच्या हातातही रंग देणार आहेत म्हणे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो. तयारी काय करू, कपडे कुठले घालू, आणि तिथे नेमकं करायचं काय असतं?"

नाचता येत नाही याची काळजी सोडा. गेली अठरा-वीस वर्षं मी अशा कार्यशाळा घेते आहे, आणि पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त अवघडतात ती नाच शिकलेली आणि चित्रकला शिकलेली माणसं. नाचणाऱ्याचा एक डोळा आपण कसे दिसतोय यावर असतो, चित्रकाराचा कागदाच्या कडांवर. ज्याला दोन्हीतलं काही येत नाही तो खडू उचलतो आणि कामाला लागतो. त्याची खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी होते, आणि तिच्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. तुम्ही काढलेल्या रेषेवरून दुसऱ्या कुणाचा ब्रश फिरला तर काय करायचं? माझं बरंचसं उत्तर त्यावरच आहे. पण आधी पहिला दिवस.

बहुतेक ठिकाणी सुरुवात जमिनीवरून होते. दोन्ही हात पसरले तरी मावतील एवढा रुंद कागद, त्यावर तुम्ही उताणे, दोन्ही मुठींत कोळशाची एकेक कांडी, डोळे मिटलेले. हात मांडीपासून डोक्याच्या वरपर्यंत न्यायचे आणि परत आणायचे, श्वास चालेल त्या गतीने, दहा मिनिटं. ऐकायला पोरखेळ वाटतो. उठून बघितलं की दोन्ही बाजूंना दोन मोठी अर्धवर्तुळं उमटलेली असतात आणि ती कधीच सारखी नसतात. उजवखोऱ्या माणसाचं उजवं बहुधा काळंभोर आणि गोल, डावं फिकट, थोडं चेपलेलं.

एकदा एका गृहस्थांचं डावं अर्धवर्तुळ वर जाता जाता मध्येच थांबलं होतं, घड्याळात साधारण अकरा वाजतात त्या जागी. पुढे कोरा कागद. आणि जिथे रेषा थांबली होती तिथे चार बोटं रुंद काळा पट्टा होता, इतका घासलेला की कागदाची लव वर आली होती. दर खेपेला हात तिथवर गेला होता, अडला होता, थोडी खटपट करून परत आला होता. त्यांनी खांदा दाबून बघितला आणि म्हणाले, "लहानपणी झाडावरून पडलो होतो. मला वाटलं भरून आलं." मग पाणी प्यायला गेले. या सगळ्याला मी काही बोलले नाही, बोलायची गरजही नव्हती.

सांगायचं ते हे की तिथला कागद हा चित्रासाठी नसतो, शरीराच्या हिशेबासाठी असतो. किती जोर लावला, कुठे दम लागला, कुठे घाई झाली, सगळं त्यावर जमा होतं. चित्राकडे असं बघण्याची सवय चित्रकारांनाही फार जुनी नाही. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांनी 1947 च्या सुमारास कॅनव्हास जमिनीवर अंथरून चारी बाजूंनी फिरत रंग ठिबकवायला आणि भिरकावायला सुरुवात केली. पण त्या कामातली हालचाल लोकांच्या डोळ्यांत भरली ती 1950 मध्ये छायाचित्रकार हान्स नामुथ यांनी त्यांचे रंगवतानाचे फोटो काढले आणि चित्रफीत केली तेव्हा. उलट बाजूने, म्हणजे नाचाकडून, अमेरिकन नर्तकी ट्रिशा ब्राऊन आल्या. 2003 मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात प्रेक्षकांसमोर जमिनीवरच्या मोठ्या कागदावर कोळसा हातात आणि पायाच्या बोटांत धरून, लोळत, वळत, सरकत रेखाटनं केली. तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या. तुमचा गुडघा कुरकुरतो म्हणालात म्हणून हा तपशील.

पुढचा टप्पा असतो ब्रशचा, आणि इथे बहुतेक मार्गदर्शक, नाव घेवोत न घेवोत, रुडॉल्फ लाबान यांच्याकडून उसनवारी करतात. लाबान (1879–1958) हे हालचालीचे मोठे अभ्यासक. नृत्याची हालचाल लिहून ठेवण्याची त्यांची लिपी 1928 मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये त्यांनी कारखान्यातले कामगार वजन कसं उचलतात, हत्यार कसं चालवतात, दमतात का, याचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत प्रत्येक हालचालीत चार गोष्टी बघायच्या असतात: वजन, वेळ, दिशा आणि ओघ. पहिल्या तिन्हींच्या मेळातून आठ मूळ क्रिया निघतात. मी त्या अशा सांगते: दाबणं, ठोसणं, पिळणं, फटकारणं, सरकवणं, टिपणं, झटकणं, तरंगणं. ओघ म्हणजे हालचाल मोकळी सोडली आहे की लगाम धरून चालली आहे.

आता यांतल्या दोन घ्या. "दाबणं" म्हणजे जोर भरपूर, वेळ संथ, दिशा सरळ. चार इंची ब्रश रंगात बुडवून तो जड कपाट ढकलल्यासारखा कागदावरून न्या. केस फाकतात, रंग दोन्ही कडांना साचतो, मध्ये ब्रशच्या केसांच्या रेघा दिसतात, आणि पट्ट्याच्या शेवटी एक ओली गुठळी राहते. "झटकणं" म्हणजे जोर हलका, वेळ चटकन, दिशा भरकटलेली. ओल्या हाताचं पाणी झटकावं तसा तोच ब्रश, तोच रंग. कागदावर थेंबांची लांबट शेपटी उमटते, आणि शेपटीचं टोक हात ज्या दिशेला गेला तिकडे असतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी येणाऱ्या तिऱ्हाइतालाही तो थेंब बघून सांगता येतं की माणूस कुठे उभा होता आणि हात कुठून कुठे गेला. आठही क्रिया अशा ओळीने करून बघितल्या की "मला चित्र येत नाही" हे वाक्य आपोआप मागे पडतं, कारण चित्र काढायला कुणी सांगितलेलंच नसतं. कपाट ढकलायला सांगितलेलं असतं.

घरी तयारी करायचीच असेल तर एवढीच करा. जुनी वर्तमानपत्रं जमिनीवर पसरा, रुंद ब्रश आणि बादलीभर पाणी घ्या, रंग नको. पाण्यानेच या आठ क्रिया करा. ओली खूण थोड्या वेळात फिकी होते, त्यामुळे ती जपायचा मोह होत नाही. आणि ब्रश काठीला बांधा. हातभर लांब काठीच्या टोकाला ब्रश असला की मनगटाला काम उरत नाही, आणि रेषा खांद्यातून, कमरेतून, शेवटी पायांतून काढावी लागते. ही माझी युक्ती नव्हे. फ्रेंच चित्रकार आंरी मातिस यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला नाचणाऱ्या आकृत्यांचं मोठं भित्तिचित्र करताना लांब बांबूच्या टोकाला कोळसा लावून रेखाटन केलं होतं, त्याचे फोटो आहेत.

पहिल्या दिवशी दुपारनंतर बहुधा एक फेरा होतो: काढा, हला, पुन्हा काढा. आधी एक झटपट चित्र, मग ते चित्र अंगाने करून बघायचं, मग पुन्हा चित्र. ही पद्धत रुजवण्यात अमेरिकन नर्तकी ॲना हालप्रिन (1920–2021) यांचा वाटा मोठा आहे. 1978 मध्ये त्यांनी मुलगी डारिया यांच्यासोबत तमाल्पा इन्स्टिट्यूट सुरू केली, तिथे चित्र, हालचाल आणि शब्द यांची सांगड घालूनच शिकवतात. हालप्रिन यांची एक गोष्ट तुम्हाला कार्यशाळेत हमखास ऐकायला मिळेल. 1972 मध्ये त्यांना कर्करोग झाल्याचं कळलं. त्याच्या आधी स्वतःचं चित्र काढताना ओटीपोटाच्या जागी त्यांच्या हातून एक गोळा निघाला होता आणि तो अंगाने करून बघायला त्यांचं मन धजेना, असं त्या स्वतः सांगत. गोष्ट जबरदस्त आहे, पण तिच्यावरून कुणी तुमच्या चित्रातला काळा डाग बघून "इथे काय दडलंय?" असं विचारायला लागलं तर सरळ म्हणा, की काळा खडू जवळ पडला होता. रेषेवरून निदान करण्याचा उद्योग करणारे मार्गदर्शक मी बघितले आहेत. डोळ्यांत पाणी येईलही, येतं कधीकधी, पण त्याचा अर्थ लावायचा की नाही हे ज्याचं पाणी त्याने ठरवावं. कार्यशाळा म्हणजे उपचार नव्हे. मनाचा काही उपचार चालू असेल तर उपचार करणाऱ्याला आधी सांगून या.

जोडीचा सरावही असेल. एकजण डोळे मिटून हलतो, दुसरा नुसता बघतो. 1950 च्या दशकात अमेरिकन नर्तकी मेरी व्हाइटहाउस यांनी आतून येईल तशी हालचाल होऊ देण्याची जी पद्धत सुरू केली, तिच्यातून हे आलं. बघणाऱ्याला साक्षी म्हणतात. साक्षीचं काम नव्या माणसाला फालतू वाटतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात अवघड आहे. वीस मिनिटं दुसऱ्याकडे बघायचं, मनात "छान", "विचित्र", "मी असतो तर" येऊ लागलं की तिकडे दुर्लक्ष करून पुन्हा बघायचं, आणि तो भिंतीला आपटणार असेल तर मध्ये हात धरायचा. नंतर सांगताना फक्त दिसलं ते सांगायचं: "तू तीनदा उजवीकडे वळलीस, चौथ्यांदा वळताना थांबलीस." बस. ज्यांनी हा सराव मन लावून केला त्यांना दुसऱ्या दिवशी फार सोपं जातं, कारण तिथे अर्धा वेळ बघण्यातच जातो.

आता तो दुसरा दिवस. एक मोठा कागद, सगळ्यांचा मिळून.

सगळ्यांना मिळून रंगवायला देण्याची कल्पना किती साधी असू शकते त्याचा एक दाखला जपानमधला आहे. जिरो योशिहारा यांनी 1954 मध्ये गुताई नावाचा चित्रकारांचा गट काढला. त्याच गटातले काझुओ शिरागा छताला बांधलेल्या दोराला लोंबकळून पायांनी रंगवत. त्यांचीच आठवण सगळे काढतात, कारण ते दिसायला भन्नाट आहे. मला जास्त आवडतं ते योशिहारांनी 1956 मध्ये अशिया नावाच्या शहरातल्या उघड्यावरच्या प्रदर्शनात केलेलं. एक मोठा फळा उभा केला, खडू-रंग ठेवले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, हवं ते काढा. पोरं आली, थोर आले, सगळ्यांनी काढलं. पण तिथे लोक सुटेसुटे येत होते आणि काढून निघून जात होते. तुम्ही त्या कागदाशी सबंध दिवस राहणार आहात, ओळखीच्या झालेल्या पंधरा-वीस माणसांबरोबर. त्यात एक धोका आहे, आणि तो मला एका बाईंमुळे कळला.

बरीच वर्षं झाली. सामूहिक कागद चांगला सहा मीटर लांब होता. सगळे चालत, वाकत, रंग ओढत होते, आणि एक बाई एका कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून निळ्या रंगात मासा काढत होत्या. लहानसा, वीतभर. खवलं एकेक करून. अर्धा तास झाला असेल. तेवढ्यात दुसऱ्या टोकाकडून एक तरुण झाडूएवढा ब्रश घेऊन उलटा चालत आला, पाठ त्यांच्याकडे, काळा पट्टा ओढत, अगदी तल्लीन होऊन. मासा गेला. बाईंनी हात मागे घेतले, जागेवर बसून राहिल्या. मी जवळ गेले आणि आम्ही मार्गदर्शक लोक जे म्हणतो ते म्हणाले: "सोडून द्या, प्रक्रिया महत्त्वाची." त्या उठल्या, हात धुतले, चपला घातल्या आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. त्या पोराला संध्याकाळपर्यंत पत्ताही नव्हता.

चूक त्या मुलाची नव्हती, बाईंची तर नव्हतीच. माझी होती. मी एकाच कागदावर दोन वेगळी कामं चालू दिली होती. जपून करायचं काम आणि सोडून द्यायचं काम यांना वेगवेगळ्या जागा लागतात. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येकाला आपला असा एक कागद दोन्ही दिवस असतो, ज्याला दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. सामूहिक कागदावर पाऊल टाकण्याआधी मी मोठ्याने सांगते, की इथे टाकलेली प्रत्येक खूण पुसली जाऊ शकते, हे मान्य असेल त्यानेच यावं, नसेल त्याने आपल्या कागदावर बसावं, आणि तेही कार्यशाळेतच बसणं आहे. तुमच्या कार्यशाळेत हे कुणी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. विचारायला लाजू नका, तुमच्यामुळे आणखी पाचजण सुटतील.

तरी तुमची रेषा झाकली जाणारच. तेव्हा पोटात काहीतरी कळवळतं. ते कळवळणं खोटं मानू नका, आणि त्याच झटक्यात ब्रश उचलून उलट वारही करू नका, कारण मग दोघांची जुगलबंदी लागते आणि बाकीचे प्रेक्षक होतात. मी लोकांना तीन पावलं मागे घ्यायला सांगते, खरोखर चालून. मागून बघितलं की आपली रेषा पूर्ण गेलेली नसते असं बऱ्याचदा दिसतं. तिचं एक टोक बाहेर असतं. त्या टोकापासून पुढे निघायचं. किंवा त्या दुसऱ्याची रेषा जिथे संपते तिथून तीच पुढे न्यायची. किंवा कडेला बसून राहायचं. पाणी बदलायचं. रंगाचे डबे भरून ठेवायचे. पाणी बदलणारा माणूस गटात असला की कागद वाचतो, हे मी गमतीने म्हणत नाही. गढूळ पाण्यात बुडवलेल्या ब्रशाने पिवळा पहिल्यांदा मरतो.

इथे रंगांबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी, कारण ती या झाकण्याच्या प्रकरणाशी थेट जोडलेली आहे. पोस्टर कलर वाळला तरी पाण्याने पुन्हा विरघळतो. त्यावरून कुणी ओला ब्रश फिरवला की खालचा रंग उठून वरच्यात मिसळतो, आणि पिवळ्यावर जांभळा, लालवर हिरवा असं झालं की तासाभरात सगळ्या कागदाचा तपकिरी चिखल होतो. ॲक्रिलिक एकदा वाळला की प्लास्टिकसारखा पापुद्रा धरतो. वरून काहीही गेलं तरी खालचं जागेवर राहतं, आणि वरचा थर पातळ असेल तर आरपार दिसतं. आणि तेली खडू, म्हणजे ऑइल पेस्टल, पाण्याचा रंग अंगाला लावूनच घेत नाही. जाड तेली रेषेवरून कुणी पातळ रंगाचा पोचारा मारला की रंग रेषेच्या दोन्ही बाजूंना सरकतो आणि रेषा पहिल्यापेक्षा उठून दिसते. त्या मासेवाल्या बाईंच्या हातात मी तेली खडू दिला असता तर काळ्या पट्ट्यातून निळी खवलं बाहेर आली असती. हे मला चार दिवसांनी, दुसऱ्याच एका कामात असताना सुचलं.

चिखल टाळायला मी सामूहिक कागदावर सुरुवातीला दोनच रंग ठेवते आणि पांढरा. तिसरा रंग जेवणानंतर. नव्या लोकांना हा कंजूषपणा वाटतो. वाटू दे.

संध्याकाळी बाहेरचे लोक येतील तेव्हाचं चित्र आधीच सांगून ठेवते. ते थंड अंगाने येतात. तुम्ही दोन दिवस लोळून, घाम गाळून मोकळे झालेले असता, ते बाहेरून, चपलांसह, हातात फोन घेऊन. त्यांच्या हातात ब्रश दिला आणि "हवं ते काढा" म्हटलं की दहांतले सात जण काय काढतात? बदाम, फूल, स्वतःचं नाव. त्यांना हसू नका. रिकामं स्वातंत्र्य मिळालं की माणूस पाठ असलेलंच काढतो. म्हणून तुमचं काम तिथे यजमानाचं आहे, कलाकाराचं नव्हे. त्यांना विषय देऊ नका, हालचाल द्या. "हा ब्रश टेकवा आणि त्या खांबापर्यंत न उचलता चालत जा." "माझ्या ब्रशाच्या मागोमाग तुमचा ब्रश आणा, मी वळले की वळा." "दोघं मिळून एकच काठी धरा." मी बघितलं आहे, फोन खिशात जातो तो या शेवटच्या सूचनेला, कारण दोन्ही हात अडकतात. आणि कुणी नको म्हणालं तर पुन्हा विचारू नका. कडेला उभं राहून बघणाऱ्यांची रांग हाही त्या संध्याकाळचा भाग असतो, त्यांना ओढून आणलं की हालचालीत जो संकोच येतो तो कागदावर स्पष्ट दिसतो: तोकडे, थरथरते फटकारे, सगळे कडेपासून हातभर अंतरात.

कुणी तुमच्या खांद्याला, पाठीला हात लावून दिशा देणार असेल तर आधी विचारावं, आणि तुम्हाला नको असेल तर एक शब्द पुरे. चांगल्या ठिकाणी यासाठी पहिल्याच तासाला एखादी खूण ठरवतात. फोटोचंही तसंच. जमिनीवर लोळताना आपण कसे दिसतो याचा फोटो सगळ्या जगाने बघावा असं प्रत्येकाला वाटत नसतं.

कपडे. जुने, अंगाला सैलसर, पण पायात येणार नाहीत असे, कोपर आणि गुडघे झाकणारे. ॲक्रिलिक कपड्यावर ओला असेतोवर निघतो, वाळल्यावर नाही, तेव्हा "बघू नंतर" म्हणू नका. अंगठ्या, घड्याळ, लोंबणारं काहीही काढून ठेवा. केस बांधा. हाताला आणि नखांच्या कडांना आधीच थोडं तेल किंवा क्रीम चोळलं की नंतर अर्ध्या वेळात धुऊन निघतं. अंगाला रंग लागणार असेल तर डब्यावर तो बिनविषारी आणि त्वचेला चालणारा असल्याचं लिहिलेलं आहे का ते बघा. भिंतीचा रंग आणि चित्रकारांचे कॅडमियमसारख्या जड धातूंचे रंग अंगाला लावायचे नसतात, कितीही झकास दिसोत. कातडी नाजूक असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. दमा असेल तर कोळसा आणि सुके खडू यांची पूड सोसत नाही, तेली खडू मागून घ्या.

पाय बहुतेक ठिकाणी अनवाणी असतात, आणि खरा धोका तिथेच आहे. ओला रंग आणि त्याखाली प्लास्टिकची चादर म्हणजे साबणावर चालणं. माझ्या सुरुवातीच्या एका कार्यशाळेत मी फरशी वाचवायला प्लास्टिक अंथरलं आणि फरशी वाचली, एका मुलीचं मनगट मुरगळलं. आता मी जाड सुती कापड अंथरते, त्यावर दोनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाच्या) वरचा जाड कागद, आणि सगळ्या कडा टेपने चिकटवलेल्या, कारण सुटी कड पायाच्या अंगठ्यात बरोबर अडकते. कडेला ओली फडकी ठेवते. तुम्ही गेल्यावर आधी पायाने जमीन चाचपून बघा. खाली प्लास्टिक सरकत असेल तर पळू नका, उलटं चालू नका, आणि बोलून दाखवा.

गुडघ्याचं पहिल्या दिवशी, सुरुवात व्हायच्या आधी सांगा. मध्येच सांगितलं तर मार्गदर्शकाला सगळा क्रम मोडून तुमच्यासाठी सोय करावी लागते आणि तुम्हालाच कानकोंडं होतं. गुडघ्याखाली घ्यायला एक जाडसर घडी सोबत ठेवा. जमिनीवर बसून उठणं जमत नसेल तर कागद भिंतीवर लावून मागा, किंवा खुर्चीवर बसून काठीच्या ब्रशाने जमिनीवरच्या कागदावर काढा. खुर्चीतून काढलेल्या रेषांना एक वेगळाच घाट येतो, सगळ्या एका बिंदूभोवती पंख्यासारख्या फाकतात. मी दरवेळी एखादी खुर्ची कागदाच्या मधोमध ठेवतेच, गरज कुणाला असो नसो, आणि धडधाकट लोक तिच्यासाठी नंबर लावतात.

आणि सामूहिक कागदावर पहिली खूण करायच्या आधी मार्गदर्शकांना विचारा, की याचं शेवटी काय होणार. भिंतीवर लागणार, कापून वाटणार, की टाकून देणार? तिन्ही चालतं, पण आधी कळायला हवं. कापून वाटणार असतील तर कात्री कोण चालवणार तेही विचारा. माझ्याकडे प्रत्येकाला दोन हात लांबीची दोरी देतो, ज्याने त्याने ती कागदावर हवी तशी ठेवायची आणि तेवढा तुकडा घ्यायचा. बहुतेक जण स्वतःची रेषा शोधतात. काही जण मुद्दाम दुसऱ्याची घेतात आणि घरी नेताना त्याला सांगत नाहीत. तुकडा ओला असताना गुंडाळू नका मात्र. रात्रभर सपाट पसरून ठेवा, नाहीतर सकाळी उलगडताना एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला चिकटून येतो.